पाइपिंग-आरेखनाच्या आज्ञावलींतील मंदगती : निदानाच्या इतिहासाची रूपरेषा

१

तेलशुद्धीकरण केंद्रे, रासायनिक कारखाने व वीजनिर्मितीगृहे यांच्या इतिहासात बॉयलर, भट्ट्या आणि ऊर्ध्वपातनाचे मनोरे यांना मानाचे स्थान मिळते. त्यांना परस्परांशी जोडणाऱ्या नळांकडे मात्र इतिहासकाराचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः अशा कारखान्याची आखणी करताना जो बौद्धिक श्रम पडतो, त्याचा फार मोठा भाग या नळांवरच खर्च होत असतो. नळ कोठून न्यावा, त्यातून किती द्रव वाहील, तापल्यावर तो किती लांबेल, वाटेत तो दुसऱ्या नळाला अथवा तुळईला भिडेल काय, हे सर्व प्रश्न एकाच वेळी सोडवावे लागतात. आज हे काम संगणकाच्या आज्ञावलीकडे सोपविलेले आहे. आणि ज्या ज्या कार्यालयात हे काम चालते तेथे तेथे एक तक्रार ठरलेली असते : आज्ञावली मंद चालते. पडद्यावरचे चित्र फिरवू गेल्यास अडखळते, नळ हलविला की मिनिटभर वाट पाहावी लागते, नकाशा उघडेपर्यंत चहा होतो.

या तक्रारीवर सामान्यतः जो उपाय योजला जातो तो म्हणजे नवे व अधिक वेगवान यंत्र विकत घेणे. तो कधी लागू पडतो, पुष्कळदा पडत नाही. का पडत नाही, हा प्रश्न वरकरणी तंत्रज्ञाचा वाटतो; परंतु त्याचे उत्तर इतिहासात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. गेल्या सुमारे नव्वद वर्षांत नळांच्या गणिताची गती अनेक वेळा कुंठित झाली आणि अनेक वेळा मोकळी झाली. प्रत्येक वेळी अडथळ्याचे स्थान वेगळे होते : कधी ते माणसाच्या हातात होते, कधी समीकरणांच्या मांडणीत, कधी चित्रात, कधी स्मृतीत, तर कधी दोन शहरांमधील अंतरात. मात्र एका काळातील अडथळ्यावर मागील काळातील उपाय योजण्याची चूक प्रत्येक पिढीने केलेली दिसते. संगणनाचा इतिहास बहुधा वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. येथे तो वाट पाहणाऱ्याच्या बाजूने लिहिण्याचा प्रयत्न केला आहे.

२

आरंभ संगणकापूर्वीच्या काळापासून करणे इष्ट होईल. नळांच्या जाळ्यात प्रत्येक शाखेतून किती पाणी वाहते हे काढणे दिसते तितके सोपे नाही. एका नळातील दाबाची घट प्रवाहाच्या साध्या प्रमाणात वाढत नाही. ती जवळजवळ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे जाळ्यात वर्तुळाकार मार्ग आले की समीकरणे एकरेषीय राहत नाहीत व त्यांची थेट उकल करता येत नाही.

१९३६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या अभियांत्रिकी प्रयोगकेंद्राने आपल्या पत्रिकांच्या मालेत २८६ क्रमांकाची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचे कर्ते हार्डी क्रॉस (१८८५–१९५९) हे नळांचे नव्हे, तर इमारतींच्या सांगाड्यांचे शास्त्रज्ञ होते. तुळया व खांब यांतील आघूर्ण क्रमाक्रमाने वाटून देण्याची त्यांची पद्धत १९३० मध्येच प्रसिद्ध झाली होती. तोच विचार त्यांनी नळांच्या जाळ्याला लावला. प्रथम प्रत्येक शाखेतील प्रवाह अंदाजाने धरावा. मात्र प्रत्येक सांध्यावर येणारे व जाणारे पाणी सारखे भरले पाहिजे. मग एकेक वर्तुळ घेऊन त्यातील दाबाच्या घटींची बेरीज करावी. ती शून्य आली नाही, तर जितका फरक राहिला त्यावरून त्या वर्तुळापुरती एक दुरुस्ती काढावी व सर्व शाखांना लावावी. पुढच्या वर्तुळात हेच. आणि सर्व वर्तुळे संपली की पुन्हा पहिल्यापासून.

या पद्धतीचा एक गुण असा की तिच्यात चूक पचते. एखाद्या फेरीत बेरीज चुकली तरी अंतिम उत्तर बिघडत नाही. फक्त एखादी फेरी वाढते. कागद, पेन्सिल व गणनपट्टी एवढ्या साधनांवर काम करणाऱ्या माणसाला हा मोठाच दिलासा होता. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. फेऱ्या किती लागतील हे गणिताच्या अचूकतेवर अवलंबून नसून वर्तुळांच्या निवडीवर अवलंबून होते. दोन वर्तुळांना सामाईक असणारा नळ जर अरुंद व लांब, म्हणजे मोठा प्रतिरोध करणारा असेल, तर एका वर्तुळात केलेली दुरुस्ती शेजारच्या वर्तुळात बिघाड करते, शेजारची दुरुस्ती पहिल्यात. आणि गणित दोहोंमध्ये हेलकावे खात राहते. तोच नळ एकाच वर्तुळात येईल अशी वर्तुळे निवडली, तर तेच जाळे थोड्या फेऱ्यांत स्थिर होते. हे ज्ञान अनुभवी अभियंत्याच्या हाती असे. नवशिक्याचे गणित मंद चाले ते त्याचा हात मंद असल्यामुळे नव्हे, तर त्याने जाळे वाईट रीतीने वाचल्यामुळे. मंदगतीच्या निदानाचा हा पहिला धडा होय, आणि तो संगणकाच्या जन्माआधीच उपलब्ध होता.

मधल्या काळात अनुकारी यंत्रांचाही एक प्रयोग झाला. १९५० च्या सुमारास मॅकिलरॉय यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्युत्‌यंत्रात नळांच्या जागी विशिष्ट प्रकारचे विद्युत्‌रोध बसविलेले असत व वीजप्रवाह मोजून पाण्याचा प्रवाह काढता येई. उत्तर तत्काळ मिळे. पण जाळे बदलले की यंत्राची जुळणी बदलावी लागे. येथे विलंब गणितातून निघून जुळणीत गेला. अडथळा नाहीसा न होता स्थलांतर करतो, याचे हे एक बोलके उदाहरण आहे.

३

१९५७ मध्ये होग आणि वाइनबर्ग यांनी अंकीय संगणकावर नळजालाचे गणित करून दाखविले व कॅलिफोर्नियातील पालो आल्टो या शहराच्या जाळ्याला ते लावले. त्यांनी संगणकाला जी पद्धत शिकविली ती हार्डी क्रॉसचीच होती. हे स्वाभाविक होते. नवे साधन हाती आले की माणूस प्रथम जुनेच काम त्याच्याकडून करवून घेतो. पण जी पद्धत माणसाच्या सोयीसाठी जन्मली होती ती यंत्राच्या सोयीची असेलच असे नाही. एका वेळी एकच वर्तुळ दुरुस्त करणे हे पेन्सिलीच्या मर्यादेतून आलेले बंधन होते. संगणकाला ते बंधन नव्हते, तरी कित्येक आज्ञावली ते वाहत राहिल्या; आणि मोठ्या जाळ्यांवर त्या मंद ठरल्या, कित्येकदा उत्तरापर्यंत पोहोचल्याच नाहीत.

१९६३ मध्ये मार्टिन व पीटर्स यांनी न्यूटनची पद्धत वापरून सर्व समीकरणांची दुरुस्ती एकदम करण्याचा मार्ग दाखविला. उत्तराच्या जवळ आल्यावर या पद्धतीत प्रत्येक फेरीगणिक बरोबर आलेल्या अंकांची संख्या साधारणपणे दुप्पट होते. पण त्यासाठी दर फेरीत एक मोठी समीकरणमाला सोडवावी लागते. म्हणजे फेऱ्या कमी झाल्या, पण एक फेरी जड झाली. १९७० मध्ये एप आणि फाउलर यांनी वर्तुळांना क्रमांक देण्याची रीत सुधारून ही जड फेरी हलकी केली.

क्रमांक बदलल्याने वेग कसा वाढतो, हे थोडे स्पष्ट केले पाहिजे. कारण नळांच्या ताणाच्या गणितातही हाच प्रश्न आला. शंभर मीटर लांबीचा पोलादी नळ २०० अंश सेल्सिअसने तापला तर तो सुमारे २४ सेंटिमीटर लांबतो. ही वाढ सामावून घेण्यासाठी नळाला वळणे द्यावी लागतात आणि प्रत्येक वळणावरचा ताण तपासावा लागतो. त्यासाठी प्रत्येक सांध्याची समीकरणे लिहावी लागतात. समजा, एकूण समीकरणे ३,००० आहेत. ती सरळ पद्धतीने सोडविण्यास सुमारे ९०० कोटी गुणाकार लागतात. परंतु नळाचा एक सांधा आपल्या लगतच्या सांध्यांशीच जोडलेला असतो; दूरच्या सांध्यांशी त्याचा थेट संबंध नसतो. म्हणून सांध्यांना क्रमांक असे दिले की शेजाऱ्यांचे क्रमांक जवळजवळ यावेत, तर सारणीतील शून्येतर संख्या कर्णाच्या दोन्ही बाजूंस एका अरुंद पट्ट्यात गोळा होतात. हा पट्टा कर्णाच्या प्रत्येक बाजूस ६० स्थानांचा असेल, तर गुणाकार सुमारे एक कोटी आठ लाखांवर येतात. यंत्र तेच, नळ तेच, उत्तरही तेच. केवळ क्रमांक बदलल्याने काम आठशे पटींनी घटले. १९६९ मध्ये कटहिल व मॅकी यांनी असे क्रमांक आपोआप देण्याची जी रीत सांगितली, तिचे महत्त्व या हिशेबावरून ध्यानात यावे. त्या काळात कोणत्याही नव्या यंत्राने आठशे पटींचा वेग एका दिवसात दिला नसता.

४

यानंतरचा टप्पा चित्राचा. १९६० च्या दशकापर्यंत मोठ्या कारखान्याची आखणी सपाट कागदांवर होई व पुष्कळ ठिकाणी तिच्या जोडीस प्लॅस्टिकची लहान प्रतिकृती उभारली जाई. दोन नळ एकमेकांत शिरतात की काय हे त्या प्रतिकृतीभोवती फिरून डोळ्यांनी पाहता येई. ही पद्धत खर्चाची होती, पण तिला मंदगती ठाऊक नव्हती. पाहणाऱ्याने मान वळविली की दृश्य बदलत असे. संगणकाने प्रतिकृतीची जागा घेतली तेव्हा हे मान वळविणेच सर्वांत महाग होऊन बसले.

इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात शासकीय आश्रयाने केंब्रिज येथे संगणक-साहाय्यित अभिकल्पाचे केंद्र स्थापन झाले. अ‍ॅटलस-२ हे यंत्र तेथे होते. त्या केंद्रात १९७० च्या दशकात पीडीएमएस ही कारखाना-आरेखनाची आज्ञावली घडली. तिचे वैशिष्ट्य असे की तिच्यात नळाचे चित्र साठविलेले नसे. नळ, वळण, झडप, जोडकडी या घटकांची माहिती श्रेणीबद्ध रीतीने साठविलेली असे व चित्र त्या माहितीवरून हवे तेव्हा काढले जाई. आरेखनाच्या इतिहासातील हे स्थित्यंतर लहान नव्हे. नकाशा हा मूळ लेख न राहता एका मूळ लेखाची प्रत झाला. परंतु प्रत काढायची म्हणजे पुढच्या नळाआड दडलेल्या मागच्या नळाच्या रेषा पुसाव्या लागतात, आणि हे पुसण्याचे काम फार वेळखाऊ होते.

दडलेल्या पृष्ठांच्या या प्रश्नावर याच केंद्रात न्यूएल, न्यूएल व सांचा यांनी १९७२ मध्ये एक मार्ग सुचविला : चित्रकार जसे प्रथम दूरचे आकाश, मग डोंगर व शेवटी जवळचे झाड रंगवितो, तसे पृष्ठांचे दूरपासून जवळपर्यंत वर्गीकरण करून ती एकावर एक रंगवावीत. १९७४ मध्ये सदरलँड, स्प्रोल व शूमाकर यांनी अशा दहा पद्धतींचे तुलनात्मक परीक्षण केले आणि त्या सर्वांच्या मुळाशी क्रमवारी लावण्याचेच काम असल्याचे दाखवून दिले. त्याच वर्षी कॅटमल यांनी प्रत्येक चित्रबिंदूपाशी खोलीची नोंद ठेवण्याची रीत मांडली. ती स्मृतीची इतकी उधळपट्टी करणारी होती की त्या काळी ती व्यवहार्य वाटत नव्हती. पुढे स्मृती स्वस्त झाली आणि तीच रीत चित्रप्रक्रियकांच्या यंत्ररचनेत सर्वत्र रुजली. एका युगात जो उपाय हास्यास्पद, तोच दुसऱ्या युगात सर्वमान्य. यावरून उपायांची योग्यता कालसापेक्ष असते हे दिसून येईल.

१९७६ मध्ये जेम्स क्लार्क यांनी आणखी मूलगामी प्रश्न विचारला. जे दूर आहे ते तपशिलाने काढावेच कशाला? नळाचे वळण यंत्राला गोल असे दिसतच नाही. ते लहान चपट्या पृष्ठांचे मिळून बनविलेले असते. परिघावर १२ व लांबीत ६ भाग केले तर एका वळणाची १४४ त्रिकोणी पृष्ठे होतात. ३६ व १८ भाग केले तर १,२९६. दहा हजार वळणांच्या कारखान्यात हा फरक १४ लाख ४० हजार आणि १ कोटी २९ लाख ६० हजार यांच्यातील आहे. पडद्यावर ते वळण चार बिंदूंएवढेच उमटत असेल, तर नऊपट श्रम वाया गेले असे म्हटले पाहिजे. आजही एखाद्या कार्यालयात चित्र अडखळते तेव्हा त्याचे कारण पुष्कळदा इतकेच असते की कोणीतरी एका पंपाचा निर्मात्याकडून आलेला नमुना, त्याच्या आतील प्रत्येक बोल्ट व आट्यांसह, जसाच्या तसा आणून बसविलेला असतो.

चित्राइतकाच जड प्रश्न टकरीच्या तपासणीचा. २०,००० घटकांपैकी प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घालून पाहावयाची, तर जोड्या १९ कोटी ९९ लाख ९० हजार होतात. घटक दुप्पट झाले की जोड्या चौपट. ‘गेल्या महिन्यापर्यंत नीट चालत होते’ या नेहमीच्या तक्रारीचे रहस्य येथे आहे : यंत्र बिघडलेले नसते, नमुना वाढलेला असतो, आणि काम त्याच्या वर्गाने वाढलेले असते. यावरचा उपाय म्हणजे अवकाशाची वाटणी. कारखान्याच्या उत्तर टोकाचा नळ दक्षिण टोकाच्या नळाला भिडणे अशक्य आहे, हे एकेक जोडी तपासून ठरविण्याची गरज नाही. बेंटली यांचा १९७५ मधील व गटमन यांचा १९८४ मधील शोधवृक्ष हे या साध्या शहाणपणाचे गणिती रूप होय.

५

चित्राच्या जोडीनेच स्मृतीचा प्रश्न वाढत होता. १९६२ मध्ये मँचेस्टर येथे सुरू झालेल्या अ‍ॅटलस यंत्रात जलद व मंद स्मृती मिळून एकच मोठी स्मृती असल्याचा आभास निर्माण केला होता. वापरणाऱ्याची सोय झाली. पण या आभासाला एक काळी बाजू होती. काम जलद स्मृतीत मावेनासे झाले की यंत्राचा सारा वेळ पाने आणण्यात व परत ठेवण्यात जाऊ लागतो, आणि प्रत्यक्ष काम जवळजवळ थांबते. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या अवस्थेची कारणमीमांसा केली. तिचा विशेष असा की तिच्यात गती हळूहळू कमी होत नाही. एका मर्यादेनंतर ती कोसळते. सकाळी सुरळीत चालणारी आज्ञावली दुपारी आणखी एक नमुना जोडताच गोठते, तेव्हा प्रक्रियक दुबळा ठरविणे हे चुकीचे निदान होय. पानांची ने-आण मोजली की खरे कारण कळते.

१९८२ मध्ये ऑटोकॅड आले व आरेखन मेजावरच्या लहान यंत्रावर उतरले. त्या काळातील आरेखकांनी मंदगतीशी झुंजताना जे व्यवहारज्ञान मिळविले, ते इतिहासाच्या साधनांत क्वचितच नोंदले गेले आहे. थर नुसता दिसेनासा करणे आणि तो ‘गोठविणे’ यांत फरक होता. दिसेनाशा थराचे गणित चित्र नव्याने उभे करताना होतच राही. गोठविलेल्या थराचे होत नसे. अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी दाखविण्याची आज्ञा होती. न वापरलेल्या व्याख्या झाडून टाकण्याची आज्ञा होती. ही सर्व साधने म्हणजे ‘आता जे नको आहे त्याचा हिशेब करू नये’ या एकाच तत्त्वाचे निरनिराळे आविष्कार होत. झाडून टाकण्याचे महत्त्व पुढेही कमी झाले नाही. २०१० नंतरच्या दशकात अन्य आज्ञावलीतून आलेल्या रेषाप्रकारांच्या व्याख्या नकाशागणिक गुणाकाराने वाढत जाऊन लहानसे नकाशेही अवजड होऊ लागले, आणि त्यांची सफाई करण्यासाठी स्वतंत्र साधन काढावे लागले. पडद्यावर काहीच वाढलेले नसताना धारिका फुगत होती. दोष डोळ्यांना दिसत नव्हता, मोजमापाला दिसत होता.

बत्तीस-अंकी पत्त्यांची मर्यादाही येथेच नोंदविली पाहिजे. अशा यंत्रात एकूण चार गिगाबाइटांपलीकडे पत्ता देता येत नाही, आणि त्यांपैकी आज्ञावलीच्या वाट्याला विंडोज प्रणालीत सामान्यतः दोनच येत. कितीही स्मृती विकत घेतली तरी ही भिंत हलत नसे. चौसष्ट-अंकी रचना रूढ होईपर्यंत मोठ्या कारखान्याचे तुकडे पाडून काम करणे हाच मार्ग होता.

६

आतापर्यंतच्या विवेचनात अडथळ्यांची स्थाने आली; ती शोधावी कशी, हा प्रश्न राहिला. या दृष्टीने १९७१ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी डोनाल्ड क्नूथ यांनी फोर्ट्रान भाषेतील प्रत्यक्ष वापरातल्या आज्ञावलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की आज्ञावलीचा चार टक्क्यांहून कमी भाग तिच्या निम्म्याहून अधिक वेळाला कारणीभूत असतो. याचा अर्थ उघड आहे. उरलेल्या शहाण्णव टक्क्यांवर केलेली मेहनत बहुतांशी व्यर्थ जाते. आणि तो चार टक्के भाग कोणता हे मोजल्यावाचून सांगता येत नाही. युनिक्स प्रणालीवर वेळेचा ताळेबंद मांडणारी जी साधने निघाली, त्यांतील जीप्रॉफ १९८२ चे आहे.

याच्या आधी, १९६७ मध्ये, जीन अ‍ॅमडाल यांनी जे तत्त्व मांडले होते ते या मोजणीला पूरक आहे. समजा, एका कामाला १०० मिनिटे लागतात. त्यांपैकी ७० मिनिटे माहिती आणण्यात जातात व ३० मिनिटे गणितात. आता दहापट वेगवान प्रक्रियक आणला. गणिताला ३ मिनिटे लागतील. एकूण काम ७३ मिनिटांचे होईल. दहापटीचा खर्च करून पावपट लाभ. उलट माहिती आणण्याचा वेळ निम्मा केला असता तर जुन्याच यंत्रावर ६५ मिनिटे लागली असती. नवे यंत्र घेऊनही तक्रार का उरते, याचे उत्तर या साध्या त्रैराशिकात आहे. २००५ च्या सुमारास तर प्रक्रियकाच्या ठोक्यांचा वेग वाढणेच जवळजवळ थांबले व एका यंत्रात अनेक प्रक्रियक बसविण्याची प्रथा पडली. ज्या आज्ञावली एका वेळी एकाच प्रक्रियकावर चालण्यासाठी लिहिलेल्या होत्या त्यांना याचा फारसा उपयोग झाला नाही.

माहिती आणण्याच्या वेळाचे आजच्या काळातील सर्वांत लक्षणीय रूप म्हणजे अंतर. मुंबई-पुण्याच्या अभियांत्रिकी कार्यालयांत परदेशातील कारखान्यांची आखणी होते आणि तिचा माहितीसाठा पुष्कळदा सातासमुद्रापार असतो. मुंबई ते लंडन हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. तेव्हा एक प्रश्न जाऊन त्याचे उत्तर परत येण्यास किमान ७२ सहस्रांश सेकंद लागणारच. प्रत्यक्षात अधिक लागतात. एखादा नळ उघडताना आज्ञावली माहितीसाठ्याला एकामागून एक २,००० लहान प्रश्न विचारीत असेल, तर केवळ वाटेत १४४ सेकंद जातील. साठा त्याच इमारतीत असून प्रत्येक फेरीस अर्धा सहस्रांश सेकंद लागत असेल, तर हेच काम एका सेकंदात होईल. येथे मोठी वाहिनी घेऊन उपयोग नाही. कारण अडचण रस्त्याच्या रुंदीची नसून लांबीची आहे. उपाय दोनच : दोन हजार प्रश्न एका टपालात घालावे, अथवा आरेखकाचा पडदा साठ्याजवळच्या यंत्रावर उघडावा आणि दूरवर फक्त चित्र पाठवावे.

७

कोणी म्हणेल, यात एवढे गंभीर काय आहे? काही मिनिटांची प्रतीक्षा, इतकेच ना? या शंकेचे समाधान दोन अंगांनी करावे लागेल.

पहिले अंग श्रमाचे. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये माणूस व यंत्र यांच्या संवादातील प्रतीक्षेची चिकित्सा केली. प्रतिसादाला दहाएक सेकंदांहून अधिक वेळ लागला की माणसाचे मन त्या कामातून निघून जाते, ही गोष्ट त्या विवेचनापासून रूढ झाली. १९८२ मध्ये डोहर्टी व थडानी यांनी त्यापुढे जाऊन दाखविले की प्रतिसाद एका सेकंदाच्या आत आला की माणसाचा स्वतःचा विचार करण्याचा वेळही घटतो; विचाराचा धागा तुटत नाही. म्हणजे मंद आज्ञावली केवळ स्वतःचा वेळ घेत नाही, माणसाच्या विचाराचाही घेते. आणि तरीही विलंबाचा दोष बहुधा आरेखकाच्याच माथी मारला जातो, कारण तासांचा हिशेब त्याच्या नावावर मांडलेला असतो.

दुसरे अंग अधिक गंभीर आहे. इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील रासायनिक कारखान्यात १९७४ च्या मार्चअखेर सहांपैकी पाचव्या अभिक्रियापात्रास तडा गेल्याचे दिसून आले. ते पात्र काढून चौथे व सहावे पात्र वीस इंची नळाने तात्पुरते जोडण्यात आले. पात्रांची तोंडे अठ्ठावीस इंची होती व ती एका पातळीवर नसल्याने नळाला दोन वळणे द्यावी लागली. दोन्ही टोकांना लवचिक भाते होते. १ एप्रिलला कारखाना पुन्हा चालू झाला. १ जून १९७४ रोजी हा जोड फुटला, वायूचा ढग पेटला आणि अठ्ठावीस माणसे मृत्युमुखी पडली. १९७५ मधील चौकशी-अहवालात नमूद आहे की त्या जोडाचा नकाशा कार्यशाळेच्या फरशीवर खडूने काढलेला होता. आतल्या दाबामुळे त्या वाकड्या नळावर जे वळविणारे बल येणार होते त्याचे गणित कोणी केलेच नव्हते.

या दुर्घटनेचे कारण मंद आज्ञावली नव्हे. कारखाना लवकर चालू करण्याची घाई हे तिच्या मुळाशी होते. तिचा दाखला येथे देण्याचा हेतू एवढाच की नळाच्या बाबतीत न केलेल्या गणिताची किंमत काय असते हे स्पष्ट व्हावे. जी तपासणी एका सेकंदात होते ती प्रत्येक बदलानंतर केली जाते. जी रात्रभर चालते ती आठवड्यातून एकदा. आणि जी दोन रात्री चालून मध्येच बंद पडते ती घाईच्या दिवशी पुढे ढकलली जाते. मंदगती अशा रीतीने माणसाला तपासणी टाळण्याची सवय लावते. याच्या उलट टोकाला खोटा वेगही आहे. नमुना हलका व्हावा म्हणून नळांवरील उष्णतारोधक वेष्टनाची जाडी तपासणीतून वगळली, तर तपासणी झरझर संपते. पण मग जागेवर नळ बसविताना वेष्टनाला जागाच उरत नाही. जे पडद्यावर दाखवावयाचे नाही ते वगळणे हा शहाणपणा. जे तपासावयाचे आहे ते वगळणे ही फसवणूक. या दोहोंमधील सीमारेषा यंत्र आखून देत नाही.

८

आतापर्यंतच्या विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात, असे प्रस्तुत लेखकास वाटते. एक, नळांच्या गणितातील मोठी गतिवृद्धी अनेकदा यंत्राच्या वेगातून न येता प्रश्नाच्या मांडणीतून आली : वर्तुळांची निवड, सांध्यांचे क्रमांक, अवकाशाची वाटणी, प्रश्नांची एकत्र रवानगी. दोन, अडथळा स्थलांतर करतो. म्हणून काल लागू पडलेला उपाय आज लागू पडेलच असे नाही, आणि निदान दर वेळी नव्याने केले पाहिजे. तीन, हे निदान मोजूनच करता येते. वेळ प्रक्रियकात जातो, स्मृतीत जातो, चित्रात जातो की वाटेत जातो, एवढे वेगळे काढले तरी निम्मे काम झाले. एकच नमुना दोन यंत्रांवर, एकच यंत्र दोन नमुन्यांवर आणि तोच नमुना अर्धा करून चालवून पाहणे, ही यासाठीची सर्वांत जुनी व सर्वांत स्वस्त कसोटी आहे.

या विषयाच्या इतिहासाची साधने विद्वत्‌पत्रिकांत आहेत त्याहून अधिक आरेखन-कार्यालयांच्या जुन्या टिपणवह्यांत व दुरुस्तीच्या नोंदींत असण्याचा संभव आहे. कोणत्या वर्षी कोणता नमुना उघडण्यास किती वेळ लागला, कोणता थर गोठविल्यावर काम हलले, अशा क्षुल्लक वाटणाऱ्या नोंदी आज रद्दीत जात आहेत. तंत्रविद्येच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी त्या वेळीच गोळा करण्याचे मनावर घेतले, तर वेगाच्या इतिहासाला प्रतीक्षेच्या इतिहासाची जोड मिळेल. हार्डी क्रॉस यांचे गणित ज्या कागदांवर झाले ते कागद उरले नसले तरी ज्या विद्यापीठीय पत्रिकेत ते छापले गेले ती उरली आहे. वाट पाहणाऱ्यांची नोंदही कोठेतरी छापून उरली पाहिजे.